खटला रद्द झाला, नोंद राहिली

चिरंजीव,
सप्रेम आशीर्वाद.

खटला रद्द झाल्याचा आदेश हाती आला म्हणून पाटी कोरी झाली असं धरून चालू नकोस. कॅलिफोर्नियाच्या दंड संहितेच्या कलम १२०३.४ खाली गुन्ह्याची कबुली मागे घेतली जाते आणि खटला रद्द होतो. कोर्टाच्या नोंदीतली शिक्षेची ओळ मात्र तशीच राहते. तिच्याखाली ‘रद्द’ अशी आणखी एक ओळ येते, एवढंच.

खासगी नोकरीत याची फारशी झळ लागू नये. पाच किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाला ऑफर देण्याआधी गुन्ह्याबद्दल विचारता येत नाही, आणि रद्द झालेली शिक्षा त्याने एरवीही विचारात घ्यायची नसते. इस्पितळं, पोलीस अशा काही जागांना अपवाद आहेत, ते आधी बघून घे.

घोळ होतो तो मालकासाठी उमेदवाराची पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सीकडे. तिच्याकडचा डेटा तुझ्या आदेशाच्या आधीचा असला, की अहवालात अजून ‘दोषी’ झळकतं. नकार पक्का करण्याआधी मालकाने लेखी नोटीस आणि अहवालाची प्रत द्यायची असते. उत्तराला कामकाजाचे किमान ५ दिवस मिळतात. अहवाल चुकीचा आहे आणि पुरावा मागवतोय असं त्या मुदतीत लेखी कळवलंस, तर आणखी ५. फोनवर सांगून भागत नाही. खटला रद्द झाल्याचा आदेश सीआर-१८१ या फॉर्मवर असतो, त्याच्या सहीशिक्क्याच्या दोन-तीन प्रती आजच काढून ठेव. ऐन वेळी कोर्टाच्या खिडकीवर हे दिवस भुर्रकन जातात. एक प्रत मालकाला, एक एजन्सीला. एजन्सीला साधारण ३० दिवसांत फेरतपासणी करावी लागते.

राज्याच्या न्याय विभागात तुझ्या नावावर काय दिसतं तेही बघ. लाइव्ह स्कॅनवर, म्हणजे शाईऐवजी यंत्रावर, बोटांचे ठसे द्यायचे. विभागाची फी २५ डॉलर, ठसे घेणारा आपले वेगळे घेतो.

सरकारी परवान्याच्या अर्जात थेट प्रश्न असेल तर शिक्षा सांगावीच लागते. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस असेल तर डीएमव्हीच्या, म्हणजे वाहन परवाना खात्याच्या, नोंदीत ती १० वर्षं राहते, खटला रद्द होवो न होवो.

आता व्हिसाचं. आपल्याकडची पोरं नेमकी इथेच फसतात. इमिग्रेशनच्या कायद्यात कबुली आणि तिच्यावर झालेली शिक्षा एवढं पुरतं; १२०३.४ ची रद्दबातल तिथे धरत नाहीत. नागरिकत्वाच्या अर्जात गुन्ह्याबद्दल ‘कधीही’ असं विचारलेलं असतं, तिथे ‘नाही’ लिहिलंस तर खोटं बोलल्याचं नवं लचांड मागे लागतं. कबुली देताना इमिग्रेशनवरचा परिणाम तुला खरोखर कळलाच नसेल, तर कलम १४७३.७ चा वेगळा अर्ज करता येतो. तो मंजूर होणं सोपं नाही, पण कबुलीतला कायदेशीर दोष दाखवून शिक्षाच रद्द झाली तर इमिग्रेशनवाले ते मानतात.

त्यासाठी वकिलाकडे नुसता रद्दचा आदेश नेऊ नकोस, कोर्टाची मूळ फाईल ने. कबुलीच्या फॉर्मवर इमिग्रेशनच्या ओळीसमोर तुझी आद्याक्षरं आहेत का, हे तो आधी बघेल.