रस्त्याच्या पलीकडे उभं राहून

“मॅडम, आता एआय टूलला चार ओळी सांगितल्या की मिनिटभरात स्क्रीन तयार होते. मला त्याच स्क्रीनला दोन दिवस लागायचे. मग मला पगार कशाचा द्यायचा?”

डिजिटल प्रॉडक्ट डिझाइनमध्ये, म्हणजे ॲप आणि वेबसाइटच्या स्क्रीन आखण्याच्या कामात, दहा-पंधरा वर्षं काढलेली माणसं हल्ली हाच प्रश्न घेऊन करिअरच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात. त्यांच्यापैकी एकांची हकिगत त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ अडतीस वर्षांचे, मूळ कोल्हापूरचे. जी. डी. आर्ट ही कलेची पदविका झाल्यावर दोन वर्षं फ्लेक्सच्या प्रेसमध्ये कोरलड्रॉवर वाढदिवसाचे फलक केले, मग पुणे गाठलं. व्हिजिटिंग कार्डावरचं पद बदलत गेलं: ग्राफिक डिझायनर, वेब डिझायनर, यूआय-यूएक्स, प्रॉडक्ट डिझायनर आणि शेवटी लीड. लीड झाल्यापासून दिवस मीटिंगमध्ये आणि दुसऱ्यांच्या फाइल तपासण्यात जायचा. तशात कंपनीने टीममधली चार माणसं कमी केली. हे राहिले, पण झोप गेली.

पहिल्या भेटीत मी चुकले. प्रश्न कौशल्याचा आहे असं समजून मी नव्या टूलचे कोर्स सुचवले, पोर्टफोलिओ, म्हणजे कामाच्या नमुन्यांचा संच, नीट करा म्हटलं. त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं. तीन आठवड्यांनी आले तेव्हा त्यातलं काहीही केलेलं नव्हतं. असं झालं की मी समोरच्याला दोष देत नाही. दुखणं वेगळीकडे आहे आणि आपण मलम भलतीकडे लावलं, एवढं मला त्यातून कळतं.

म्हणून विचारलं, “हातचं काम गेलेलं घरात कुणाचं पाहिलंय का?”

बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “बाबांचं.”

वडील बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार. कोल्हापुरात फ्लेक्स आलं आणि दोन-तीन वर्षांत पाट्यांचं काम जवळजवळ थांबलं. “आणि मी पहिली नोकरी कुठं धरली? फ्लेक्सच्याच प्रेसमध्ये. बाबा काही बोलले नाहीत. डबा मात्र रोज स्वतः आणून द्यायचे.” हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि थांबले.

भीती टूलची नव्हतीच. वडिलांचं जे झालं तेच आपलं होणार, ही गोष्ट त्यांनी वीस वर्षं मनात बाळगली होती.

पुढच्या भेटीत मी त्यांना वडिलांच्या कामाबद्दलच बोलायला सांगितलं. पाटी कशी करायचे? “अक्षरं आखायच्या आधी बाबा रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहायचे. एसटीतून जाणाऱ्याला नाव वाचता येतंय का बघायला. दुपारी ऊन कुठून येतं, समोर झाड आहे का, सगळं बघायचे. मग ठरवायचे अक्षर किती जाड.”

मी म्हटलं, “आणि तुम्ही?”

तेव्हा त्यांनी दूध संकलन केंद्रावर वापरायच्या स्क्रीनचं काम सांगितलं. त्यांच्या चाळीस स्क्रीनच्या पोर्टफोलिओत त्याची एकच गुळगुळीत स्क्रीन होती. खरी गोष्ट अशी, की पुण्यातल्या ऑफिसात बसून केलेल्या पहिल्या डिझाइनमध्ये पैशांचा आकडा मोठा होता आणि फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) खाली बारीक अक्षरात. मग ते स्वतः तीन दिवस पहाटे साडेपाचला केंद्रावर जाऊन उभे राहिले. किटली ओतून झाली की शेतकरी आधी फॅट बघत होते, पैसे नंतर. कारण दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो. गाईच्या दुधाला फॅट 3.5 आणि एसएनएफ 8.5 टक्के हा पाया धरतात, त्याच्या खाली गेलं की दर कापला जातो. काल 3.8 लागलेली गाय आज 3.4 कशी, हे शेतकऱ्याला तिथल्या तिथे विचारायचं असतं. शिवाय केंद्रावरच्या मुलाची बोटं ओली, बल्ब मिणमिणता, आणि मराठी शब्दांच्या वेलांट्या-उकार बटणात कापले जात होते, कारण बटणाची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने धरलेली. त्यांनी फॅटचा आकडा सगळ्यांत मोठा केला, बटणं उंच केली, मागचा रंग पांढरा केला.

“हे पोर्टफोलिओत का नाही?” मी विचारलं.

“त्यात दाखवण्यासारखं काय आहे? दिसायला साधी स्क्रीन आहे ती.”

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, ज्याने मलाही अडवलं. “पण मॅडम, ही नजर बाबांकडं होतीच की. तरी त्यांचं काम गेलंच ना?”

खोटा धीर देणं मला जमत नाही, म्हणून विचार करायला मी वेळ मागून घेतला. मला जे वाटतं ते पुढच्या वेळी सांगितलं. बाबांना पैसे फुटावर मिळायचे. रस्त्याच्या पलीकडे उभं राहण्याचे कुणी दिले नाहीत, कारण ती नजर कुठे वेगळी दिसलीच नाही. ब्रश गेला आणि त्याच्याबरोबर तीही गेली. तुम्हीसुद्धा आजवर स्क्रीनच विकत आलात. वेबसाइटवर हलती चित्रं करायचं फ्लॅश शिकलात, आयफोनने ते कधी चालूच दिलं नाही आणि 2020 च्या अखेरीस ॲडोबीने ते बंदच केलं. त्यानंतर फोटोशॉप, स्केच, फिग्मा. प्रत्येक वेळी टूल बदललं आणि पहाटे जाऊन उभं राहणं तसंच राहिलं. पण ते तुम्ही कुठे लिहून ठेवलं नाहीत, म्हणून मालकाला दिसत नाही आणि आता तुम्हालाही दिसेनासं झालंय.

नोकरी टिकेल याची हमी यातून मिळत नाही, हेही मी सांगितलं. नुसत्या स्क्रीन काढण्याचं काम कमी होणार, आणि ज्यांना तेवढंच येतं त्यांनी आत्ताच हातपाय हलवायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आम्ही कामाला लागलो. पोर्टफोलिओतल्या चाळीस स्क्रीन वगळून तीन हकिगती ठेवल्या. प्रत्येकीत आधी काय चुकलं, कुणाला बघून कळलं, काय बदललं आणि काय तरीही जमलं नाही. कंपनीशी गुप्ततेचा करार होता, तो त्यांनी पुन्हा नीट वाचला. नाव आणि आकडे गाळले, मूळ स्क्रीनऐवजी पेन्सिलने काढलेली चित्रं लावली. अनेक डिझायनर कराराच्या धास्तीने सगळंच झाकून ठेवतात, तेवढी गरज बहुतेक वेळा नसते.

मॅनेजर व्हायचं का, हा त्यांचा दुसरा प्रश्न. दोन आठवडे रोज रात्री एक ओळ लिहायला सांगितली: आज घड्याळाकडे कधी लक्ष गेलं नाही? मीटिंगचा उल्लेख एकदाही आला नाही. ज्युनिअर मुलीला फाइल समजावली तो तास मात्र तीनदा आला. त्यावरून शिकवणं आवडतं, माणसं सांभाळणं आवडत नाही, इतकं स्पष्ट झालं. काही कंपन्यांत टीम न सांभाळताही वर जाता येतं, त्या पदाला प्रिन्सिपल डिझायनर म्हणतात. शोध त्या दिशेने सुरू केला.

एका कंपनीने काम जुनं दिसतं म्हणून नाकारलं, दुसरीने उत्तरच दिलं नाही. तिसरीकडे तासाभराच्या मुलाखतीतली चाळीस मिनिटं दूध केंद्रावरच गेली. पगार थोडा कमी होता. घराचा हप्ता चालू, म्हणून त्या भेटीला पत्नीही आल्या. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडतील एवढी शिल्लक आहे का, हे तिघांनी कागदावर मांडलं. शिल्लक पाच महिन्यांची निघाली. पत्नी म्हणाल्या, “चालेल. तुम्ही झोपायला लागलात तर चालेल.”

रुजू व्हायच्या आधी ते कोल्हापूरला जाऊन आले. वडिलांना पहिल्यांदाच आपलं काम दाखवलं, फोनवर, ती दूध केंद्राची स्क्रीन. वडिलांनी फोन हातात घेतला, उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेकवून ठेवला आणि परत येऊन लांबून बघत बसले. मग म्हणाले, “आकडा अजून जाड चालला असता.”