मामित, दोला आणि कारो: हैतीच्या बाजारभावांचा तक्ता वाचताना

हैतीच्या तक्त्यात तांदळापुढे 'मामित' लिहिलंय ती किती किलो, आणि दोन बाजारांचे आकडे बाकीच्यांच्या पाचव्या हिश्शावर कसे, असं तुम्ही विचारलंय. दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण घोळ तिथे आहे.

ते आकडे बहुतेक हैतियन डॉलरमधले आहेत. अशी नोट नाही, नाणंही नाही, तरी बाजारात तोंडी हिशेब त्यातच चालतो. हैतीचं चलन गूर्द. १९१२ साली पाच गूर्दांना एक अमेरिकी डॉलर असा दर बांधला गेला, तो १९८९ पर्यंत टिकला. पुढे गूर्द घसरत गेला, आता एका अमेरिकी डॉलरला शंभराच्या वर गूर्द पडतात. पण पाच गूर्दांचा 'दोला' लोकांच्या तोंडी तसाच राहिला. विक्रेती 'दीडशे दोला' म्हणाली की ७५० गूर्द द्यायचे. नोंद करणाऱ्याने ऐकलं तसं १५० टाकलं असणार, आणि रकान्यावर छापलेलं 'गूर्द'. तरी सगळं सरसकट पाचाने गुणू नका. आधी नोंद करणाऱ्याला विचारा, कारण एकाच पानावर दोन्ही प्रकार मिसळलेले असू शकतात.

आता मामित. हा पत्र्याचा मोठा डबा. तांदूळ, मका, घेवडा, अगदी कोळसासुद्धा यानेच मापतात. आपल्या पायलीसारखंच हे आकारमानाचं माप, त्यामुळे दर धान्यागणिक वजन बदलतं. तांदळाची मामित साधारण ६ पौंड, म्हणजे २.७ किलो धरतात. तोच आकडा पिठाला लावलात तर हिशेब चुकलाच. शिवाय शीग लावून मापलं की काठोकाठ सपाट, यावर बराच फरक पडतो. डब्याचं बूड ठोकून आत घेतलेलं नाही ना, तेही पाहायला सांगा. दर बाजारात दोन-तीन मामिती विकत घेऊन काट्यावर टाकल्या की तुमचा स्वतःचा गुणक मिळेल. त्याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही.

तक्त्यातून मामित काढून टाकायची सूचना तुमच्याकडे कुणीतरी केलीय, ती मला अजिबात पटत नाही. 'मादान सारा' म्हणजे गावोगावचा माल शहरात आणणाऱ्या व्यापारी बाया. त्यांनी पोत्याने आणलेला माल पुढे किरकोळीत मामितीने सुटतो. डबा विकणारी आणि घेणारी दोघींच्या डोळ्यांसमोर भरतो, काट्याचा खर्च नाही, अक्षरओळख नसली तरी अडत नाही. भाजी तर 'लो'ने, म्हणजे छोटे ढीग मांडून वाट्यावर जाते. तिथे वाटा तोलल्याशिवाय किलोचा भाव लिहूच नका. मूळ माप एका रकान्यात, किलो शेजारच्या रकान्यात, असंच ठेवा.

जमिनीच्या रकान्यातला 'कारो' म्हणजे १.२९ हेक्टर. फ्रेंच वसाहतीपासूनचं माप: शंभर पावलं लांब, शंभर पावलं रुंद, आणि पाऊल साडेतीन जुन्या फ्रेंच फुटांचं. सीमेपलीकडे डोमिनिकन रिपब्लिकमध्ये 'तारेआ' चालते, सुमारे ६२९ चौरस मीटरची. म्हणजे एका कारोत साडेवीस तारेआ. तिकडचं 'किंताल' १०० पौंडांचं असतं, १०० किलोंचं नव्हे. आपल्या क्विंटलच्या सवयीने ते वाचलंत तर उत्पादन दुपटीहून जास्त दिसेल. दोन्ही देशांचे आकडे शेजारी मांडणार असाल तर पहिली तपासणी त्याचीच करा.