ब्रीदर बुजवला आणि अँबेसिडर गळायला लागली

प्रश्न : वडिलांची 1976 ची मार्क थ्री अँबेसिडर आहे, पेट्रोलची. इंजिनाखालच्या एका नळीतून धूर यायचा आणि सिग्नलला थांबलं की आत वास भरायचा. मिस्त्रीने नळीत लाकडाची खुंटी ठोकली. धूर बंद झाला, पण आता बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लचचं घर) तेल पडतं, टॅपेट कव्हर (इंजिनाच्या बाजूचं पत्र्याचं झाकण) ओलं असतं आणि चढाला क्लच सरकतो. इंजिन उतरवून मागचं ऑईल सील बदलायचं, असं मिस्त्री म्हणतात. बदलू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी ती खुंटी काढा. ती नळी म्हणजे ब्रीदर, इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडायची वाट. उत्तर पुढे वाचायच्या आत काढलीत तरी चालेल.

मिस्त्री जे सील बदलायला निघालेत ते या इंजिनात नाहीच. तुमचं 1489 सीसीचं इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज, क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) तीन मेन बेअरिंग. मागच्या बेअरिंगपाशी रबराचं सील नसतं. क्रँकवरच मळसूत्र कापलेलं असतं. क्रँक फिरला की ते तेलाला आत, चेंबरकडे (इंजिनाचा तेल असलेला खालचा भाग) ढकलत राहतं. मळसूत्र आणि ते ज्यात फिरतं त्या घराच्या मध्ये बारीक फट असते, काही कशाला घासत नाही. चेंबरमध्ये दाब नसेल तोवर ही युक्ती उत्तम चालते. दाब आला की त्याच फटीतून वायू बाहेर निघतो आणि तेल सोबत नेतो. ते फ्लायव्हीलवर उडतं, क्लच प्लेटला लागतं. तुमचा क्लच सरकतोय तो बहुधा यामुळेच. प्लेट तेलाने भिजली असेल तर ती बदलावी लागेल, धुऊन फार दिवस टिकत नाही.

दाब कुठून येतो? पिस्टनच्या रिंगा नव्या असल्या तरी जळलेला वायू थोडा खाली उतरतोच. गॅरेजात त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. सोबत पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल असतं. हे सगळं बाहेर जावं म्हणून मॅनिफोल्डखालच्या पुढच्या टॅपेट कव्हरवर डबी आणि तिच्यातून रस्त्याकडे उतरणारी नळी दिलेली आहे. गाडी पळताना खालून जाणारा वारा नळीतून ओढ घेतो. गाडी उभी असली की ओढ शून्य. म्हणून तुम्हाला वास सिग्नललाच यायचा, घाटात पळताना नाही. रॉकर कव्हरवरची दुसरी नळी एअर क्लीनरला जाते. खुंटी मारल्यापासून सगळा भार तिच्यावर आलाय. एअर क्लीनर उघडून पाहा, तेलाने बरबटलेला सापडेल.

डबी काढा, रॉकेलमध्ये रात्रभर बुडवा, आतला काळा गाळ निघेपर्यंत हलवा आणि वाळवा. नळी तारेने मोकळी करा. टॅपेट कव्हरला नवं बुचाचं पॅकिंग घाला. कव्हर एकाच बोल्टवर असतं, म्हणून जोर लावू नका. गळतं म्हणून आवळायचं आणि आवळलं की पत्रा वाकून आणखी गळायचं, हा उद्योग मी फार गाड्यांवर पाहिलाय. बोल्टखालचा फायबर वॉशरही नवा घाला. काम इंजिन गार असतानाच करा, हात मॅनिफोल्डला लागतो.

मग इंजिन गरम करून स्लोवर (अॅक्सिलरेटर न दाबता) ठेवा, ऑईल भरायच्या तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरा. नुसती थरथरली तर ठीक. फुगून ताठ झाली तर रिंगा किंवा बोअर गेलेत, कॉम्प्रेशन तपासा. ज्या सिलिंडरचं कमी येईल त्यात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा संशय घ्या.

गळती थांबवणारी बाटली ऑईलमध्ये ओतायचा सल्लाही मिळेल. ते औषध रबर फुगवतं, आणि तुमच्या मागच्या बेअरिंगला फुगायला रबरच नाही. एवढं करूनही उभ्या गाडीखाली रोज थेंब-दोन थेंब पडतील. या इंजिनाचा तो स्वभाव आहे, पुठ्ठा टाका. मूळ कंपनीने 1964 च्या शेवटी एमजीबी या स्पोर्ट्स कारच्या, याच घराण्यातल्या इंजिनाला पाच बेअरिंग आणि मागे रबरी सील दिलं. आपल्या 1489 ला ते कधी मिळालं नाही.

प्रश्न : जुन्या विलीज जीपच्या इनटेक मॅनिफोल्डवर स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह आहे. स्लोला इंजिन थडथडतं. मिस्त्री म्हणतात, हे नंतर कुणीतरी बसवलंय, काढून बोल्ट मारू.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मारू देऊ नका. तो कंपनीचाच आहे. कॅलिफोर्नियात विकायच्या मोटारींना असे व्हॉल्व्ह 1961 च्या मॉडेलपासून लागले, पण विलीजने दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपलाच तो दिला होता. पाण्यातून जायच्या गाडीला खाली उघडी नळी ठेवून कसं चालेल? इथे इंजिन स्वतःच्या ओढीने चेंबरमधला वायू खेचून जाळतं. व्हॉल्व्ह उघडा अडकला की जादा हवा शिरते आणि स्लो बिघडतो, बंद अडकला की सगळीकडून तेल गळतं. काढा, पेट्रोलने धुवा, स्प्रिंग मोकळी खालीवर होते का पाहा. कार्ब्युरेटरला हात त्यानंतर.