‘जबाबदार’ कोणाला आणि कशाला?

कराडहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: “निबंधात ‘न्यायपालिका जनतेला जबाबदार आहे’ असं लिहिलं, तर सरांनी ‘जबाबदार’वर लाल रेघ ओढली. मग काय लिहायचं? जबाबदेही, उत्तरदायी की आणखी काही?”

लाल रेघ योग्य आहे असं मला वाटतं, फक्त तिचं कारण शब्दाच्या पोटात शिरून बघायला हवं.

‘जबाबदार’मधला ‘जबाब’ अरबीतून आला, ‘दार’ फारसीतून. मराठीत या शब्दाने दोन घरं केली. ‘मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं’ हे एक, ‘अपघाताला ट्रकचालक जबाबदार आहे’ हे दुसरं. दोन्हीकडे प्रत्यय ‘ला’च. पहिल्या वाक्यात तो उत्तर कोणापुढे द्यायचं ते दाखवतो, दुसऱ्यात दोष कशाचा ते. म्हणूनच ‘रखडलेल्या दाव्यांना न्यायव्यवस्था जबाबदार’ म्हटलं की तो थेट आरोप होतो. तुमच्या वाक्यात हा दुसरा अर्थ नाही, पण त्याची सावली पडते.

खरी अडचण मात्र पहिल्या अर्थाचीच आहे. जबाबाचं धाकटं रूप ‘जाब’. आपण जाब विचारतो तेव्हा विचारणारा वरचढ असतो: मालक गड्याला विचारतो, ग्रामसभा सरपंचाला विचारते. लोकसभा मंत्रिमंडळाला जाब विचारू शकते आणि अविश्वास ठराव आणून घरीही पाठवू शकते. न्यायाधीशाला एखाद्या निकालाबद्दल असा जाब कोणी विचारायचा? साताऱ्याच्या कोर्टाच्या आवारात जरा वेळ उभं राहा. साक्षीदाराचा जबाब होतो, प्रतिवादी कैफियत देतो, अर्जावर समोरच्याचं ‘म्हणणं’ मागवलं जातं. उत्तरं सगळे देतात, आणि ती ऐकून घेणारा एकटा न्यायाधीश. इथला निकाल पुढे कोल्हापूरच्या सर्किट बेंचने फिरवला (मुंबई उच्च न्यायालयाचं हे पीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं), तरी तपासला जातो तो निकाल. निकाल देणाऱ्याला पिंजऱ्यात उभं करत नाहीत.

या भागात राहणाऱ्याला इथे रामशास्त्री प्रभुणे आठवल्याशिवाय राहत नाहीत. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरच्या माहुलीचे ते. नेमणूक पेशव्यांची, आणि तरी १७७३ साली नारायणरावांचा खून झाल्यावर त्यांनी दोषी ठरवलं ते गादीवर बसलेल्या राघोबादादांनाच. ज्याने नेमलं त्याचा बांधील होणं वेगळं, न्यायाला बांधील असणं वेगळं. माझ्या मते ‘बांधील’ हाच इथला नेमका शब्द आहे. न्यायाधीश संविधानाला आणि कायद्याला बांधील असतो, माणसाला नाही, बहुमतालाही नाही.

म्हणून तो मोकाट असतो असं मुळीच नाही. सुनावणी उघड्या न्यायालयात चालते, निकालाची कारणं लिहावी लागतात, वर अपील असतं. ‘उत्तरदायी’ हा शब्द इथे बसतो, कारण न्यायाधीशाचं उत्तर म्हणजे त्याच्या निकालपत्रातली कारणं. कारणांशिवायचा निकाल मला उत्तराविना टाकलेल्या पत्रासारखा वाटतो, आणि अशा निकालावर लोकांनी बोट ठेवलंच पाहिजे.

गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध झाली तर सर्वोच्च वा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला संसदेच्या ठरावानंतर राष्ट्रपती पदावरून दूर करू शकतात. त्यासाठी प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं. १९९३ साली न्या. व्ही. रामस्वामींविरुद्धचा प्रस्ताव लोकसभेत यातल्या पहिल्या, एकूण सदस्यांच्या बहुमताच्या अटीवर अडला. वर्तमानपत्रं याला ‘महाभियोग’ म्हणतात. संविधानाने तो शब्द फक्त राष्ट्रपतींसाठी राखला आहे, न्यायाधीशांसाठी ‘पदावरून दूर करणे’ एवढंच. निबंधात हा फरक पाळलात तर परीक्षकाच्या नजरेत भरेल.

‘जबाबदेही’ हिंदीतून अलीकडे आलेला आहे. अर्थ चुकत नाही, पण ‘उत्तरदायित्व’ हाताशी असताना मी तो वापरणार नाही.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘न्यायपालिका संविधानाला बांधील आहे आणि आपल्या निर्णयांच्या कारणांबाबत जनतेप्रती उत्तरदायी आहे.’ लांबलं खरं, पण ‘बांधील’ आणि ‘उत्तरदायी’ यांतला एकही शब्द गाळू नका.