तिच्यावरही राज्य येऊ द्या

ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहतो. साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालो. नात 8 वर्षांची, तिसरीत आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळं हालचाल अडखळते, पायात आधाराचे स्प्लिंट घालून वॉकरवर चालते. तिच्यासारखी मुलं ज्यात आहेत अशी 5 पुस्तकं मी प्रदर्शनातून हौसेनं आणली. त्यातलं ‘हायडी’ तिनं दोन दिवसांत संपवलं. त्यात चाकाच्या खुर्चीतली क्लारा डोंगरावर जाते आणि चालायला लागते. नातीनं विचारलं, “आजोबा, आपण महाबळेश्वरला गेलो तर मी पण अशी चालेन?” माझ्या तोंडून “हो बाळा, जाऊ की” निघून गेलं. दुसऱ्या दिवशी बिचारीनं पिशवी भरली. स्प्लिंट घेतले नाहीत, एका लग्नासाठी हट्टानं घेतलेल्या आणि कधीच पायात न बसलेल्या गुलाबी चपला घेतल्या. सूनबाईनं पुस्तक माळ्यावर टाकलंय आणि आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलतेय. मुलगा म्हणतो, तुमचं तुम्ही बघा. माझं काय चुकलं? अशी पुस्तकं तिला द्यावीत की नाही?
— एक आजोबा

आजोबा, नमस्कार.

तुमचं पत्र चार पानी होतं, इथं कापून दिलंय. त्या चार पानांत तुम्ही नातीला सात वेळा ‘बिचारी’ म्हटलंय. मी मोजलं, कारण मला खोड आहे. माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला आणि साठ वर्षं मी पायाला आधाराचा कॅलिपर घालून याच सांगलीत फिरतेय, तेव्हा हा शब्द मला लांबूनही ऐकू येतो.

आधी सूनबाईचं. ती पुस्तकावर चिडली आहे असं तुम्हाला वाटतं. मला तसं वाटत नाही. ज्या घरात असं मूल असतं त्या घरात दर लग्नात, दर बारशात कुणीतरी आईला कोपऱ्यात घेऊन सांगतंच: अमक्या गावच्या वैद्याकडं ने, तमक्या देवाला पाच मंगळवार कर, पोरगी पळायला लागेल. आई ऐकून घेते, घरी येते आणि व्यायामाची चटई अंथरते. रोज. पोरीचे पाय ताणताना पोरगी रडते तेही तीच ऐकते. आठ वर्षांत तिनं या सगळ्यांना तोंड दिलं आणि आता घरातलंच मोठं माणूस त्या रांगेत जाऊन उभं राहिलं. तुमच्या एका ‘हो’चं बिल तिच्या नावावर फाटलंय. पोरगी तुम्हाला नाही, आईलाच रात्री विचारणार, “कधी जायचं?” तेव्हा नातीशी बोलण्याआधी सूनबाईशी बोला. चहाच्या वेळी, मुलगा समोर नसताना. “माझं चुकलं, आणि हे मी माझ्या तोंडानं तिला सांगणार आहे,” एवढं पुरे. तुमच्या वयाच्या माणसानं सुनेपुढं चूक कबूल करणं आपल्याकडं अवघड जातं, ठाऊक आहे. तरी करा.

आता ‘हायडी’. योहाना स्पिरी या स्विस लेखिकेनं ते 1880 आणि 1881 मध्ये दोन भागांत लिहिलं. त्या काळी युरोपातल्या धुरकट शहरांत मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडण्याचा आजार, झालेली मुलं खूप होती. ऊन आणि चांगलं दूध मिळालं की मुडदुसाचं पोर सुधारायचं, आणि डॉक्टर डोंगरावरची हवा औषधासारखी लिहून द्यायचे. क्लाराला नेमकं काय झालंय हे पुस्तक सांगतच नाही. ती शेळीचं दूध पिते, डोंगरावर राहते आणि उभी राहते. नंतर 1911 साली इंग्रजीत ‘द सिक्रेट गार्डन’ आलं. त्यातला कॉलिन तर आपल्याला कुबड येणार या भीतीनंच अंथरुणाला खिळलेला असतो, पाठीला त्याच्या काही झालेलंच नसतं. बागेत गेला की तोही चालतो. मोठ्यांना असे शेवट फार आवडतात, मलाही चौथीत आवडले होते. पुस्तक मिटलं आणि मी पायाकडं पाहिलं. तो होता तसाच होता. आपलंच काहीतरी कमी पडलं असणार, असा हिशोब मी मनाशी केला. आईनं शेळीचं दूध दिलं नाही म्हणून दोन दिवस तिच्याशी अबोलाही धरला.

पण मला सगळ्यात जास्त खटकते ती खुर्ची. शेळ्या राखणारा पीटर मत्सरापोटी क्लाराची खुर्ची डोंगरावरून ढकलून देतो, तिचा चुराडा होतो, आणि गोष्टीला ते पथ्यावरच पडतं. कारण आता क्लाराला चालावंच लागतं! तुमच्या नातीचा वॉकर कुणी कृष्णेत टाकला तर ती चालेल का? ती घरात बसेल. ज्याच्या जोरावर ती शाळेत जाते तीच वस्तू गोष्टीत खलनायक ठरते, हे तिला नक्की बोचलं असणार. नाहीतर तिनं पिशवीतून स्प्लिंट वगळले नसते.

म्हणून ‘हायडी’ माळ्यावरून खाली काढा. लपवलेलं पुस्तक पोरं दुप्पट मन लावून वाचतात. नातीला जवळ घ्या आणि साध्या शब्दांत सांगा: मी तुला खोटं ‘हो’ म्हणालो. क्लाराचं दुखणं वेगळं होतं. तुझ्या पायांत खोट नाही, डोक्यातून पायांना जो निरोप जातो तो वाटेत अडखळतो. तू अगदी लहान असताना मेंदूला जी इजा झाली तिच्यामुळं हे होतं. ती इजा वाढणार नाही, पण पुसलीही जाणार नाही. व्यायामानं आणि स्प्लिंटनं पाय आखडायचे कमी होतात, हालचाल सोपी होते, म्हणून आई रोज मागं लागते. डोंगरावर गेलीस तरी पाय असेच असतील. ती रडेल. रडू द्या. लगेच चॉकलेट काढू नका. मग विचारा, “ती खुर्ची फोडली ते तुला कसं वाटलं?” आणि गप्प बसून ऐका. तिच्याकडं उत्तर असेल.

तुमच्या पाचांतलं दुसरं पुस्तक जिद्दीच्या कथांचं आहे आणि त्यात मुरलीकांत पेटकर आहेत, असं तुम्ही अभिमानानं लिहिलंय. असावाच अभिमान, ते आपल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात असताना 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, आणि 1972 ला जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक. पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं, ते वेगळं दुखणं. ही गोष्ट तिला जरूर सांगा. फक्त तिच्यापुरत्या दोनच गोष्टी उरणार नाहीत हे बघा. एकतर बरी हो, नाहीतर पदक आण! मधल्या पोरीनं करायचं काय? जिला पाढे येत नाहीत, जी भावाच्या वाटणीचं भडंग खाऊन डबा पुन्हा जागेवर ठेवते, तिच्यावर गोष्ट कुणी लिहायची? शेजारच्या धडधाकट पोराला कुणी रोज ऑलिम्पिकवीर दाखवून “बघ, शिक काहीतरी” म्हणत नाही.

जुन्या गोष्टींत तर आणखीच गंमत. मंथरेला कुबड, चाच्यांचा म्होरक्या लंगडा. वाईट माणूस ओळखायची सोय म्हणून व्यंग वापरायचं. तिसरीच्या वर्गात बाईंनी आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट वाचली तेव्हा सगळी मुलं वळून माझ्याकडं बघत होती. आंधळा कोण होणार यावर मधल्या सुट्टीत भांडणं झाली, पांगळ्याची जागा भरलेलीच होती. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार मोजलेत, पण पोरांच्या पुस्तकात अजून बहुतेक व्हीलचेअर किंवा काळा चष्माच दिसतो. नीट ऐकू न येणारं, अक्षरं उलटी दिसणारं, तोतरं बोलणारं पोर शोधावं लागतं.

मग शोधायचं काय? आमच्या गल्लीत लंगडी खेळायचे. खेळाचं नावच लंगडी, आणि त्यात मला घेताना ठरलेलं, “ही लिंबूटिंबू.” म्हणजे पळायचं, हसायचं, पण आउट झाले तरी आउट नाही, आणि राज्य कधीच माझ्यावर नाही. सगळे प्रेमानंच करायचे. पुस्तकातली बहुतेक अपंग मुलं मला अशीच लिंबूटिंबू वाटतात. इतर पात्रांना दयाळू होता यावं म्हणून कडेला ठेवलेली. तेव्हा पुस्तक घेताना एवढंच बघा की या पोरीवर राज्य येतं का? ती चुकते का, चिडते का, तिच्यामुळं गोष्ट पुढं सरकते का? शेवटच्या पानापर्यंत तिचा पाय तसाच असूनही गोष्ट रंगते का?

अशी पुस्तकं आहेत. सुजाता पद्मनाभन यांचं ‘चुस्कित गोज टू स्कूल’ बघा. लडाखची चुस्कित व्हीलचेअरवर, शाळेची वाट खडबडीत आणि मध्ये ओढा. इथं चुस्कितचे पाय कुणी दुरुस्त करत नाही. पोरं मिळून वाट दुरुस्त करतात. ‘हायडी’नंतर लगेच हेच द्या, म्हणजे न सांगता फरक कळेल. चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाचं ‘कॅच दॅट कॅट’ आहे, त्यातली दिपदिप व्हीलचेअरवरून मैत्रिणीचं हरवलेलं मांजर शोधायला निघते आणि झाडावर चढते. भारी खोडकर पोरगी. त्यांचंच ‘कन्ना पन्ना’ आहे, त्यात गुहेतले दिवे जातात आणि न दिसणारा कन्ना सगळ्यांना बाहेर काढतो. गोड आहे, तरी माझी किरकिर अशी की उपयोगी पडल्यावरच पोराची किंमत कळावी का? नातीला विचारा, तिचं मत माझ्याहून वेगळं निघालं तर मला कळवा. तुलिका मराठीतही पुस्तकं काढतं, दुकानात मराठी प्रत मागा. इंग्रजी हाती आली तरी अडत नाही, चित्रं तिनं बघायची, सांगायचं तुम्ही. शिवाय प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ मोबाईलवर फुकट आहे, मराठी गोष्टी ढीगभर, छापून घ्यायलाही परवानगी असते. मुलाला लावून द्यायला सांगा. ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणणाऱ्याला तेवढं काम द्यायलाच हवं.

आणि पुस्तकात नसेल ते तुम्ही रचा. वॉकरवाली पोरगी, गणपती मंदिरातली गर्दी, हरवलेली चप्पल, आयर्विन पुलावरून पळालेली शेळी, काहीही. एकच अट, गोष्टीत तिला खोटं बोलू द्या आणि पकडली गेली की ओरडा खाऊ द्या.

राहिली पिशवी. ती सोडू नका. महाबळेश्वरच्या अलीकडं, पाचगणीच्या पुढं भिलार आहे. 4 मे 2017 ला सरकारनं त्याला पुस्तकांचं गाव केलं, 25 ठिकाणी, लोकांच्या घरांत आणि देवळांत मिळून 15 हजारांच्या आसपास मराठी पुस्तकं ठेवली. बालसाहित्याचं वेगळं घर आहे. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत जा, सूनबाईला घेऊन जा. कुठल्या घराला किती पायऱ्या आहेत ते आधी फोन करून विचारा. वॉकर कुठवर जातो, कुठं उचलून न्यावं लागेल, हे नातीला निघण्याआधीच माहीत हवं. पसरणी घाटात गाडी लागते, लिंबू जवळ ठेवा.

पिशवीतल्या गुलाबी चपला काढू नका. मुक्कामाला गादीवर बसून घालेल, पाय हलवून बघेल, फोटो काढायला लावेल. शेजारी स्प्लिंट ठेवा.