पोटाचा कर्करोग कसा ओळखायचा?
बाबांची ॲसिडिटी दोन महिने जात नाही, कर्करोग तर नसेल ना, असं विचारलंत. बहुतेकदा नसतो, पण नुसत्या गोळ्यांवर दिवस काढू नका.

रविवारी सावजी रश्श्यासोबत चार पोळ्या खाणारे आमचे मामा अर्ध्या पोळीतच ‘पोट भरलं’ म्हणू लागले. मग पट्टा दोन भोकं आत गेला. तेच लक्षण होतं. वारंवार उलटी, घास अडकणं, हिमोग्लोबिन उतरणं हेही बघा. डांबरासारखी काळी, चिकट संडास किंवा रक्ताची उलटी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा (लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, चालू असतील तर डॉक्टरांना सांगा). सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून थांबू नका. एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून पोट आतून बघणं) करून आतल्या भागाचा तुकडा तपासल्यावरच नक्की कळतं. ती नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयात होते.