तोरणमाळच्या वाटेवरची पिवळी फुलं : सोनकी नव्हे, कारळा

तोरणमाळच्या घाटात नवरात्राच्या सुमारास उतारावर दिसलेली पिवळी फुलं सोनकीची का, आणि बी आणून घरी लावता येईल का, असं तुम्ही विचारलंय. कमरेएवढी झाडं, समोरासमोर पानं, आठच पाकळ्या, असं वर्णन असेल तर ती सोनकी नाही. तो कारळा. नाशिककडची मंडळी खुरासणी म्हणतात.

खात्री करायची तर पाकळीचं टोक बघा, तिथे तीन बारीक दाते असतात. मग फूल उलटं करा. खाली पानांसारखी पाच रुंद हिरवी दलं दिसतील. सोनकीत पानं एकाआड एक, आणि बियांना पांढऱ्या केसांचा झुपका, वाऱ्यावर उडायला. कारळ्याचं बी काळं, गुळगुळीत, बिनकेसांचं. चटणीत खाल्लेलंच आहे आपण!

झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातली कारळ्याची गिझोशिया प्रजाती अगदी छोटी, जेमतेम सहा जातींची, आणि सगळ्या मूळच्या आफ्रिकेतल्या. नाव कॅसिनी या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1829 मध्ये गिझो या फ्रेंच मुत्सद्द्यावरून ठेवलं. आपला कारळा इथिओपियात माणसाने पिकवून घडवलेला, पिकाबरोबरच इकडे आला. बोंडं पिकली की बी झडतं, म्हणून शेताच्या बांधावर, रस्त्याकडेला तो आपसूक उगवतो आणि रानफूल वाटतो. गुरंही त्याला फारसं तोंड लावत नाहीत, त्यामुळे टिकतो.

घरी लावा, जरूर लावा, पण एकच रोप कुंडीत नको. कारळ्याला स्वतःच्या परागाने बी धरत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग मधमाश्यांनी आणून द्यावा लागतो. एकटं झाड फुलेल छान, पण दाणे पोचट निघतील. पाऊस लागला की वाफ्यात मूठभर बी विस्कटा, मग दाट वाटतील ती रोपं उपटून टाका. किराणा दुकानातलं बी चालेल, फक्त भाजलेलं नको. ऊन भरपूर हवं. पाणी तुंबलेलं नको. (फवारणी तर फुलोऱ्यात मुळीच नको.)

बी पेरण्याआधी चाळून घ्या. दुसऱ्या झाडांवर जगणाऱ्या अमरवेलीचं बारीक बी त्यात बरेचदा मिसळलेलं असतं. अमेरिकेत पक्ष्यांना घालायला जाणारा कारळा याच भीतीने तापवून घेतात. तरीही रोपांवर तिचे पिवळे दोरे चढलेले दिसले, तर दोरे ओढत बसू नका. तुटका तुकडाही पुन्हा धरतो. ते रोपच उपटून जाळा.